वाचकांचे प्रश्न : शेजारची बेटे आणि पंतप्रधानांचे दौरे

2025 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी मार्चमध्ये मॉरिशसला, एप्रिलमध्ये श्रीलंकेला आणि जुलैमध्ये मालदीवला गेले. या तीन दौऱ्यांच्या निमित्ताने आमच्याकडे आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मॉरिशस मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्याला ‘शेजारी’ म्हणण्यात काय अर्थ आहे? आणि एखाद्या जिल्ह्याएवढीही लोकसंख्या नसलेल्या बेटांवर पंतप्रधानांनी वारंवार जावे, एवढे तिथे आहे तरी काय? — एक वाचक, सातारा

जमिनीच्या नकाशावर पाहिले तर आपली शंका रास्त आहे. धनुष्कोडीपासून श्रीलंकेचे तलैमन्नार अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे आणि लक्षद्वीपचे मिनिकॉय मालदीवच्या उत्तर टोकापासून सुमारे 130 किलोमीटरवर. मॉरिशस आणि सेशेल्स त्या अर्थाने शेजारी नाहीत. परंतु समुद्राचा हिशेब निराळा असतो. सेशेल्सचे एकूण भूक्षेत्र सुमारे 460 चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी. मात्र तेवढ्या जमिनीच्या जोरावर त्या देशाला सुमारे 13 लाख चौरस किलोमीटर समुद्रावर मासेमारीचे आणि खनिजांचे अनन्य हक्क मिळालेले आहेत. आखातातून निघालेली तेलवाहू जहाजे याच पाण्यातून किंवा त्याच्या कडेने जातात. आकारमानाने मोजल्यास भारताचा नव्वद टक्क्यांहून अधिक परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो, आणि आपल्या कंटेनरांचा मोठा वाटा आजही कोलंबोच्या बंदरात एका जहाजातून दुसऱ्या जहाजात चढवला जातो.

परराष्ट्र मंत्रालयाने 2016 मध्ये श्रीलंका, मालदीव, मॉरिशस आणि सेशेल्स या चार देशांसाठी हिंद महासागर विभाग उघडला. त्याच्या आदल्या वर्षी, 12 मार्च 2015 रोजी, मॉरिशसमध्ये पंतप्रधानांनी ‘सागर’ हे धोरण मांडले होते, आणि बरोबर दहा वर्षांनी तेथेच त्याची ‘महासागर’ ही विस्तारित आवृत्ती जाहीर झाली. घोषणांच्या नावांना फार महत्त्व देऊ नये, असे माझे मत आहे. त्याच 2015 च्या भेटीत कोलकात्याच्या गोदीत बांधलेली ‘बाराकुडा’ ही गस्ती नौका मॉरिशसच्या तटरक्षक दलात दाखल झाली. भारताने बाहेरच्या देशासाठी बांधलेली ती पहिली युद्धनौका होती, आणि घोषणेपेक्षा ती अधिक काळ उपयोगी पडणारी गोष्ट आहे.

प्रश्न : 2015 पूर्वी 28 वर्षे भारताचा एकही पंतप्रधान श्रीलंकेला गेला नव्हता, असे वारंवार सांगितले जाते. परंतु अटलबिहारी वाजपेयी कोलंबोला गेल्याचे मला स्पष्ट आठवते. खरे काय? — एक निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

आपली आठवण बरोबर आहे आणि तो दावाही खोटा नाही. वाजपेयी जुलै 1998 मध्ये कोलंबोला गेले, त्याआधी डिसेंबर 1991 मध्ये नरसिंह राव गेले होते आणि पुढे ऑगस्ट 2008 मध्ये मनमोहन सिंग गेले. परंतु हे तिघेही ‘सार्क’च्या शिखर परिषदेसाठी गेले होते. केवळ श्रीलंकेशी बोलणी करण्यासाठी केलेला, म्हणजे द्विपक्षीय, दौरा 1987 नंतर थेट 2015 मध्येच झाला. शिखर परिषदेला जाणारा नेता यजमान देशाचा पाहुणा असतोच, पण तो त्या एका देशासाठी आलेला नसतो. राजशिष्टाचारात हा फरक काटेकोरपणे पाळला जातो.

एवढा मोठा खंड का पडला, हे समजण्यासाठी 1987 च्या त्या दोन दिवसांकडे पाहावे लागते. 29 जुलै रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी श्रीलंकेतील तमिळ बंडखोरी मिटवण्यासाठी कोलंबोत करार केला. शहरात त्या वेळी संचारबंदी होती आणि कराराविरुद्ध दंगली उसळल्या होत्या. खुद्द श्रीलंकेचे पंतप्रधान रणसिंघे प्रेमदासा या कराराच्या विरोधात होते. दुसऱ्या दिवशी राजीव गांधी मानवंदना स्वीकारत रांगेसमोरून जात असताना एका श्रीलंकन नौसैनिकाने बंदुकीचा दस्ता त्यांच्यावर उगारला. त्यांनी वेळीच मान खाली घेतली म्हणून डोक्यावरचा घाव खांद्यावर निभावला. दौऱ्याचे यश आणि त्याचे भवितव्य या दोन्ही गोष्टी एकाच छायाचित्रात सामावलेल्या, असे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. करारानुसार गेलेल्या भारतीय शांतिसेनेला तमिळ वाघांशीच (एलटीटीई या बंडखोर संघटनेशी) लढावे लागले, सुमारे 1,200 भारतीय जवान धारातीर्थी पडले, आणि मार्च 1990 मध्ये ती सेना परतली तेव्हा सिंहली आणि तमिळ अशा दोन्ही बाजूंना ती नकोशी झाली होती. पुढच्याच वर्षी, 21 मे 1991 रोजी, श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली.

त्यानंतर दिल्लीतील प्रत्येक सरकारने कोलंबोशी संबंध राखले, पण पंतप्रधानांना तेथे एकट्याने पाठवण्याचे टाळले. यात तमिळनाडूच्या राजकारणाचाही वाटा मोठा होता. नोव्हेंबर 2013 मध्ये कोलंबोत राष्ट्रकुल परिषद भरली, तेव्हा यादवी युद्धाच्या अखेरच्या टप्प्यातील तमिळांच्या हालअपेष्टांचा मुद्दा एवढा तापला होता की मनमोहन सिंग यांनी पत्र लिहून आपली अनुपस्थिती कळवली आणि परराष्ट्रमंत्री सलमान खुर्शीद यांना पाठवले. न जाणे हीसुद्धा राजनयातील एक कृतीच असते. जानेवारी 2015 मध्ये महिंदा राजपक्षे निवडणूक हरले, मैत्रीपाल सिरिसेना सत्तेवर आले आणि मार्चमध्ये मोदी कोलंबोसह अनुराधपूर, तलैमन्नार आणि जाफना येथे गेले. जाफन्याला जाणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान होते. त्या भेटीत त्यांनी प्रांतांना अधिकार देणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीचा उल्लेख केला. ही दुरुस्ती 1987 च्या कराराचेच अपत्य आहे.

ज्या जनता विमुक्ती पेरमुनाने 1987 च्या कराराविरुद्ध शस्त्रे उचलली आणि आपल्या कार्यकर्त्यांना ‘भारतीय विस्तारवादा’चे धडे दिले, त्याच पक्षातून आलेले अनुरा कुमार दिसानायके आज राष्ट्राध्यक्ष आहेत. त्यांनी पहिल्या परदेश दौऱ्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये दिल्लीची निवड केली, एप्रिल 2025 मध्ये मोदींना ‘मित्र विभूषण’ हा सन्मान दिला आणि त्याच भेटीत दोन्ही देशांमध्ये संरक्षण सहकार्याचा सामंजस्य करार झाला. मधल्या काळात 2022 ची आर्थिक दुरवस्था येऊन गेली होती. इंधनाच्या रांगांमध्ये माणसे दगावत होती त्या वर्षी भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरचे साह्य केले. ते विसरणे कोणत्याही पक्षाला परवडणारे नव्हते.

प्रश्न : ‘इंडिया आउट’ म्हणत निवडून आलेले मालदीवचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू दोन वर्षांच्या आत आपल्या पंतप्रधानांना स्वातंत्र्यदिनाचे पाहुणे म्हणून बोलावतात, हे कसे? शिवाय आमच्या कांद्यावर निर्यातबंदी असताना मालदीवला मात्र कांदा पाठवला गेला, तो कशासाठी? — एक शेतकरी वाचक, निफाड (जि. नाशिक)

आपले दोन्ही प्रश्न खरे तर एकच आहेत, म्हणून घटनाक्रम सलग सांगतो.

मुइझ्झू नोव्हेंबर 2023 मध्ये पदावर आले. मालदीवचा नवा राष्ट्राध्यक्ष प्रथम दिल्लीला येतो, हा प्रघात त्यांनी मोडला. ते आधी तुर्कस्तानला आणि जानेवारी 2024 मध्ये चीनला गेले. त्याच महिन्यात पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीवर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी अभद्र शेरे मारले आणि त्यांना निलंबित व्हावे लागले. इकडे पर्यटकांनी बहिष्काराची भाषा सुरू केली. 2023 मध्ये मालदीवला जाणाऱ्या पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, ते पुढच्या वर्षी बरेच खाली घसरले. दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्नियर विमान चालवण्यासाठी तेथे असलेले भारतीय सैनिक (त्यांची संख्या शंभरही नव्हती) 10 मे 2024 पर्यंत परत आले आणि त्यांच्या जागी भारताचेच नागरी तंत्रज्ञ गेले. यंत्रे तीच राहिली, गणवेश तेवढा बदलला. मुइझ्झूंना मतदारांना दाखवायला एवढे पुरेसे होते, आणि दिल्लीनेही ते ओळखले.

आता कांद्याविषयी. मालदीवमध्ये शेतीयोग्य जमीन जवळपास नाही. 1981 पासूनच्या व्यवस्थेनुसार भारत त्या देशाला तांदूळ, पीठ, साखर, बटाटे, कांदे, अंडी आणि बांधकामाची खडी-वाळू ठरावीक कोट्याने देतो. एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे संबंध सर्वांत ताणलेले असताना, भारताने पुढील वर्षासाठीचा कोटा या व्यवस्थेच्या इतिहासातील सर्वाधिक पातळीवर नेला. त्यात सुमारे 35 हजार टन कांदा होता. 8 डिसेंबर 2023 ते 4 मे 2024 या काळात आपल्याकडे निर्यातबंदी होती आणि लासलगावच्या बाजारात भाव कोसळले होते, त्यामुळे आपला संताप मी समजू शकतो. निर्यातबंदीचे समर्थन करणे हा माझा हेतू नाही. परंतु मालदीवचा कांदा रोखला असता तर निफाडच्या शेतकऱ्याच्या पदरात काही पडले नसते आणि मालेच्या गृहिणीला भारताविषयीचा प्रचार खरा वाटला असता.

त्या वर्षभर दिल्लीने दाखवलेला संयम हे मला कोणत्याही दौऱ्यापेक्षा मोठे काम वाटते. मालदीवची परकीय गंगाजळी आटत चालली होती. मे आणि सप्टेंबर 2024 मध्ये भारतीय स्टेट बँकेने मालदीवच्या 5 कोटी डॉलरच्या सरकारी रोख्यांची मुदत वाढवली. जूनमध्ये मुइझ्झू मोदींच्या शपथविधीला आले, ऑक्टोबरमध्ये रीतसर राजकीय भेटीवर (स्टेट व्हिजिट) पुन्हा आले (त्या दौऱ्यात ते मुंबईलाही येऊन गेले) आणि 40 कोटी डॉलर अधिक 3,000 कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय घेऊन परतले. जुलै 2025 मध्ये मोदी मालदीवच्या 60 व्या स्वातंत्र्यदिनाला मालेत उपस्थित राहिले, तेव्हा 4,850 कोटी रुपयांचे नवे कर्जसाह्य जाहीर झाले आणि जुन्या कर्जाचा वार्षिक हप्ता 40 टक्क्यांनी उतरवला गेला.

याचा अर्थ मुइझ्झू बदलले असा काढू नये. चीनचे कर्ज आणि चीनने बांधून 2018 मध्ये खुला केलेला मालेचा पूल जागेवरच आहे, आणि त्याच्या पलीकडे मुंबईच्या अ‍ॅफकॉन्स कंपनीचा, भारताच्या पैशाने बांधला जाणारा दुसरा, अधिक लांबीचा पूल उभा राहत आहे. पाच लाख वस्तीच्या देशाने दोन मोठ्या देशांकडून एकेक पूल बांधून घेणे हा भाबडेपणा नव्हे. तो त्यांचा व्यवहार आहे.

प्रश्न : दौऱ्यात करारांवर सह्या होतात, छायाचित्रे येतात. पुढे त्यांचे काय होते, हे आम्हा विद्यार्थ्यांना कुठेच वाचायला मिळत नाही. — स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी एक वाचक, पुणे

मार्च 2015 च्या एकाच दौऱ्यातील दोन करारांची पुढची हकिगत सांगतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही ती उपयोगी पडेल.

सेशेल्समध्ये अझम्प्शन या बेटावर धावपट्टी आणि धक्का बांधून सागरी पहाऱ्याची सोय करण्याविषयी समझोता झाला. 1981 मध्ये इंदिरा गांधी गेल्या होत्या, त्यानंतर सेशेल्सला जाणारे मोदी पहिलेच पंतप्रधान असल्याने भेटीचा गाजावाजा झाला. मात्र सेशेल्समध्ये असा करार राष्ट्रीय सभेने मंजूर करावा लागतो, आणि 2016 च्या निवडणुकीत त्या सभेत विरोधकांचे बहुमत झाले. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन परराष्ट्र सचिव एस. जयशंकर यांनी सेशेल्सची राजधानी व्हिक्टोरिया येथे सुधारित करारावर सही केली. दोन महिन्यांत त्याचा गोपनीय मसुदा फुटला. आमच्या बेटावर परक्या देशाचा लष्करी तळ नको, म्हणून निदर्शने सुरू झाली. अझम्प्शनच्या शेजारचे अल्डाब्रा हे राक्षसी कासवांचे जागतिक वारसा स्थळ असल्याने पर्यावरणवादीही उतरले. विरोधी नेते वेवेल रामकलावन यांचे पूर्वज बिहारमधून गेलेले होते, पण म्हणून त्यांचा विरोध सौम्य झाला नाही. जून 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष डॅनी फॉर यांनी करार सभेपुढे नेणार नसल्याचे सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच ते दिल्लीला आले, दोन कासवे भेट दिली, संरक्षणासाठी 10 कोटी डॉलरचे कर्जसाह्य आणि एक डॉर्नियर विमान घेऊन गेले. अझम्प्शनचा प्रकल्प तेथेच थबकला. 2020 मध्ये रामकलावन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांच्याशीही भारताचे संबंध चांगलेच राहिले.

दुसरा करार मॉरिशसच्या अगालेगा बेटांविषयीचा. मुख्य बेटापासून सुमारे 1,100 किलोमीटर उत्तरेला असलेल्या या दोन बेटांवर जेमतेम 300 लोक राहतात. येथेही ‘हा गुप्त नाविक तळ आहे’ अशी टीका झाली, येथेही निदर्शने झाली. परंतु मॉरिशसमध्ये सरकारचे बहुमत शाबूत होते आणि हा तळ नसून आमच्याच मालकीची सोय आहे, असे ते सतत सांगत राहिले. 29 फेब्रुवारी 2024 रोजी तेथील 3 किलोमीटरच्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे दोन्ही पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे उद्घाटन केले. त्यानंतर वर्षाच्या आत मॉरिशसमध्ये सत्तापालट झाला, प्रविंद जगन्नाथ जाऊन नवीन रामगुलाम आले, आणि मार्च 2025 मध्ये त्याच रामगुलामांनी मोदींचे राष्ट्रीय दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून स्वागत केले.

नेता तोच, आठवडा तोच, प्रकल्पही जवळपास सारखाच. फरक पडला तो यजमान देशातील संसदेच्या आकड्यांमुळे. त्यामुळे दौऱ्याच्या दिवशीची संयुक्त पत्रके मी चाळतो खरा, पण पुढची दोन-तीन वर्षे व्हिक्टोरिया, पोर्ट लुई, माले आणि कोलंबो येथील संसदांमध्ये काय चालले आहे ते पाहणे अधिक फलदायी ठरते. कोलंबोचे उदाहरण घ्या : मे 2019 मध्ये भारत, जपान आणि श्रीलंका यांनी मिळून बंदरातील पूर्व कंटेनर टर्मिनल विकसित करण्याचे ठरवले होते, फेब्रुवारी 2021 मध्ये गोदी कामगारांच्या संघटनांपुढे नमते घेऊन राजपक्षे सरकारने तो निर्णय फिरवला. त्या संघटनांच्या पुढाऱ्यांशी कोणत्याही दौऱ्यात कोणी हस्तांदोलन केलेले नव्हते.

प्रश्न : ‘राजकीय भेट’, ‘अधिकृत भेट’, ‘कामकाजी भेट’ यांत नेमका फरक काय? — एक वाचक, अकोला

मानमरातबाचा. राजकीय भेटीत लष्करी मानवंदना, मेजवानी आणि संपूर्ण राजशिष्टाचार असतो. अधिकृत भेटीत तो थोडा कमी आणि कामकाजी भेटीत चर्चेपुरता. बोलण्याचे विषय या श्रेणीवर अवलंबून नसतात.

प्रश्न : मॉरिशसमधील मराठी माणसांना या दौऱ्यांत काही स्थान असते का? — एक वाचक, ठाणे

स्वतंत्र असे फारसे नसते. मॉरिशसच्या लोकसंख्येत भारतीय वंशाचे लोक सुमारे 70 टक्के आहेत, आणि त्यांत भोजपुरी भागातून गेलेल्यांचे प्रमाण सर्वांत मोठे असल्याने दौऱ्यातील भाषणे भोजपुरीत सुरू होतात आणि कार्यक्रमात गंगा तलाव येतो. 2025 मध्ये पंतप्रधानांनी प्रयागराजच्या महाकुंभातील पाणी तेथे नेले होते. मराठी समाज संख्येने लहान असला तरी त्याची ओळख ठळक आहे : गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुट्टी असते, मराठी शाळांतून शिकवली जाते आणि महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते. 2023 मध्ये तेथील महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस गेले होते. एवढ्यावरून पाहता, या समाजाशी नाते राखण्याचे काम दिल्लीपेक्षा मुंबईने करावे, हेच बरे.

प्रश्न : प्रत्येक श्रीलंका दौऱ्यात मच्छीमारांचा प्रश्न निघतो आणि तसाच राहतो. कच्चथीवू बेट परत घेतले तर तो सुटेल का? — एक वाचक, मालवण

नाही, आणि मालवणच्या वाचकाला याचे कारण इतरांपेक्षा लवकर पटेल.

कच्चथीवू हे 285 एकरांचे, गोडे पाणी नसलेले बेट 1974 च्या सागरी सीमा कराराने श्रीलंकेकडे गेले. तो करार इंदिरा गांधी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी केला. 1976 च्या पत्रव्यवहाराने एकमेकांच्या हद्दीतील मासेमारी बंद झाली आणि त्याच वेळी कन्याकुमारीच्या दक्षिणेचा वेज बँक हा समृद्ध मासेमारीचा पट्टा भारताचा असल्याचे मान्य झाले. 2024 च्या लोकसभा प्रचारात हा विषय पुन्हा उकरला गेला, आणि 2025 च्या दौऱ्याच्या दोनच दिवस आधी तमिळनाडू विधानसभेने बेट परत मिळवण्याचा ठराव केला.

खरा तंटा मात्र बेटाचा नसून जाळ्यांचा आहे. रामेश्वरम्-नागपट्टिनम् भागातील यांत्रिक ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडत पलीकडच्या पाण्यात जातात. आपल्याकडे सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर कर्नाटकातील मलपीचे ट्रॉलर शिरतात तेव्हा पारंपरिक मच्छीमार ज्या तक्रारी करतात, त्याच तक्रारी पलीकडे जाफना आणि मन्नारचे मच्छीमार करतात, आणि तेही तमिळच आहेत. यादवी युद्धाच्या काळात त्यांना समुद्रात जाण्याची बंदी होती. ती उठल्यावर ते परतले तर त्यांच्या पाण्यात दुसऱ्याची जाळी होती. श्रीलंकेने 2017 मध्ये कायदा करून तळ खरवडणारी मासेमारी बंद केली. एप्रिल 2025 मध्ये पंतप्रधानांनी हा विषय माणुसकीच्या दृष्टीने हाताळण्याची विनंती केली, काही मच्छीमार सुटून आले, आणि पुढच्या काही महिन्यांत नव्या अटका झाल्या. तमिळनाडूतील ट्रॉलर कमी करून त्या मालकांना खोल समुद्रातील मासेमारीकडे वळवण्याची केंद्राची योजना 2017 पासून आहे; तिची गती फार मंद राहिली आहे. ती गती कोलंबोच्या दौऱ्याने वाढणार नाही, कारण तिची किल्ली चेन्नई आणि दिल्ली यांच्याकडे आहे.